दोन खोल्या, चार माणसं आणि व्यायामाची जागा : भुसावळमधलं एक प्रकरण

भुसावळमधलं भाड्याचं घर. दुसरा मजला, वर अजून एक मजला आणि त्यावर गच्ची. हॉल, एक बेडरूम, स्वयंपाकघर आणि हॉलला लागून अरुंद गॅलरी. आतलं क्षेत्र साधारण ४३० चौरस फूट. राहणारी माणसं चार. घरधनी, ज्यांना मी भाऊ म्हणते, मालगाडीवर लोको पायलट, वय ४२. पत्नी संध्याकाळी हॉलमध्ये पाचवी ते सातवीच्या मुलांची शिकवणी घेते. मुलगी १३ वर्षांची, शाळेच्या कबड्डी संघात आहे. आणि आई, वय ६७, दोन्ही गुडघे दुखतात. कुटुंबाच्या संमतीने हे लिहिते आहे, नावं मात्र देत नाही.

मी शारीरिक शिक्षणाची शिक्षिका. शाळेच्या वेळेबाहेर, घरीच व्यायाम सुरू करू पाहणाऱ्यांना मदत करते. या घराने मला बोलावलं ते एका नेमक्या प्रश्नासाठी : ट्रेडमिल हॉलमध्ये ठेवायची की गॅलरीत? ड्यूटीसाठीच्या ठराविक मुदतीच्या वैद्यकीय तपासणीत भाऊंचा रक्तदाब वरच्या काठावर आला होता, वजनही वाढलेलं होतं. डॉक्टरांनी गोळी लगेच सुरू केली नव्हती. चालणं, व्यायाम आणि मीठ कमी, एवढं सांगून पुढची तारीख दिली होती. लोको पायलटच्या घरात तपासणीचा कागद म्हणजे सगळ्या घराची काळजी. त्यामुळे पैसे बाजूला काढलेले होते, यंत्र पसंत झालेलं होतं, फक्त जागा ठरायची होती.

मी हे प्रकरण सविस्तर मांडते आहे, कारण छोट्या घरात माणसं हाच प्रश्न विचारतात आणि तो विचारतानाच वाट चुकते. कोणती वस्तू कुठे मावेल, हे आधी ठरवलं जातं. खरं तर त्या घरातली जमीन दिवसाच्या कोणत्या तासाला कुणाच्या ताब्यात असते, ते आधी पाहायला हवं. तो तास सापडला की वस्तू आपोआप ठरतात. या घरात आम्ही तेच केलं.

ट्रेडमिल का नको

आधी ट्रेडमिलचं. भाऊंची भीती होती ती स्लॅबची : "मॅडम, वजन पेलेल ना?" ही भीती अनाठायी होती. घरांच्या खोल्यांसाठी भारतीय मानक आयएस ८७५ च्या दुसऱ्या भागात प्रति चौरस मीटर २ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २०० किलो एवढा वापराचा भार धरलेला आहे. साठ-सत्तर किलोचं यंत्र आणि त्यावर ८६ किलोचा माणूस यांनी धड बांधलेल्या इमारतीचा स्लॅब खचत नाही. भरलेलं लोखंडी कपाट याहून जड असतं आणि ते वर्षानुवर्षं एकाच जागी उभं राहतं.

अडचण दुसरीकडे होती. यंत्राची लांबी साधारण साडेपाच फूट, आणि पट्ट्यावरून माणूस मागे फेकला गेला तर तो भिंतीवर आदळू नये म्हणून मागे दोन मीटरच्या आसपास मोकळी जागा सोडायची असते. म्हणजे बारा फूट लांबीची पट्टी. त्यांचा हॉल चौदा बाय दहा. यंत्र घडी करून उभं ठेवता येतं हे खरं, पण घडी उलगडायला आणि परत मिटायला दोन वेळा टीपॉय, खुर्च्या आणि शिकवणीचा फळा हलवावा लागणार होता. गॅलरी जेमतेम तीन फूट रुंद, आणि तिथे पश्चिमेचं ऊन. हॉलमध्ये सगळे सॉकेट ६ अँपिअरचे. यंत्राला हवा तो १६ अँपिअरचा एकच, तो स्वयंपाकघरात. भाड्याच्या घरात नवी वायर ओढायची तर घरमालकाची परवानगी हवी. आणि उन्हाळ्यात वीज गेली की पट्टा आणि कूलर एकदमच थांबणार.

यातलं कुठलंही एक कारण असतं तर तोडगा काढला असता. सगळी मिळून मात्र मी स्पष्ट सांगितलं की हे पैसे थांबवा. चालायला भुसावळात रस्ता आहे, रेल्वेची मोकळी जागा आहे. सकाळी सहाच्या आत निघालं तर मे महिन्यातही अर्धा तास चालता येतं. घरात ते करायचं जे रस्त्यावर होत नाही : ताकदीचे व्यायाम, लवचिकता, तोल. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सांगितली आहे, आणि त्याच्या जोडीला आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचे व्यायाम. आपल्याकडे पहिला भाग सगळ्यांना पाठ असतो, दुसरा राहून जातो.

खडू

एक आख्खा दिवस घर जसं चालतं तसं चालू द्यायचं, असं ठरवलं. मुलीच्या हातात खडू आणि आईंच्या शिवणाच्या डब्यातला टेप दिला. सकाळी सहा, नऊ, दुपारी दोन, संध्याकाळी सहा आणि रात्री नऊ या पाच वेळांना हॉलची जी फरशी मोकळी असेल तिच्याभोवती रेघ ओढायची आणि कागदावर लिहून ठेवायचं. मुलीने हे काम मन लावून केलं. प्रत्येक वेळी त्या जागेत ती स्वतः उताणी झोपून, हात पसरून बघत होती.

कागदावर जे आलं ते घरातल्या कुणाच्याच डोक्यात नव्हतं. सकाळी सहाला हॉलमध्ये आईंचं अंथरूण असतं, कारण दिवाणावर झोपलं की त्यांची कंबर धरते आणि म्हणून त्या खालीच गादी घालून झोपतात. नऊ वाजता अंथरूण उचललेलं, मुलगी शाळेत, आणि खिडकीपासून दिवाणापर्यंतचा सात बाय सहा फुटांचा तुकडा पूर्ण रिकामा. दुपारी दोनला तीच जागा, पण वाळलेले कपडे घड्या घालायला पसरलेले. सहाला शिकवणी : आठ मुलं, सतरंजी, फळा. रात्री नऊला जेवणं उरकलेली, टीव्ही चालू, पण टीपॉय सरकवला तर पाच बाय सहाची जागा.

म्हणजे हॉलमध्ये जागा होती. ती नऊ वाजता होती आणि टीपॉय नसता तर रात्री नऊलाही होती.

टीपॉय त्याच आठवड्यात पत्नीच्या भावाकडे गेला. दिवाण आडवा होता, तो फिरवून बेडरूमच्या भिंतीला लावला. चपलांचा रॅक जिन्यात ठेवायचा विचार निघाला, पण त्याला मी नाही म्हटलं. जिना सगळ्या इमारतीचा, आणि आग-धुराच्या वेळी बाहेर पडायची तीच एक वाट. रॅक दाराआड उभा केला. या तीन हालचालींनी खिडकीजवळ साडेसात बाय साडेसहा फुटांचा तुकडा कायमचा सुटला. योगासनांची चटई साधारण सहा फूट लांब आणि दोन फूट रुंद असते. पण सूर्यनमस्कारात पाय मागे टाकायला आणि आडवे हात पसरायला चटईच्या बाहेरही जागा लागते. या तुकड्यात ते बसत होतं.

जमीन मोजून झाल्यावर वर पाहणं फार जण विसरतात. छत साडेनऊ फूट, पंख्याचं पातं जमिनीपासून सव्वाआठ फुटांवर. भाऊंची उंची पाच फूट नऊ इंच. हात वर केले की बोटं सव्वासात फुटांच्या पुढे जातात, हातात डंबेल असलं की अजून चार इंच. उभं राहून वजन डोक्यावर नेताना टाचा उचलल्या गेल्या किंवा उडी मारली की पंखा फारच जवळ येतो. आमचा तुकडा नेमका पंख्याच्या कडेला येत होता. पंखा हलवणं शक्य नव्हतं. म्हणून नियम केला : डोक्यावर वजन न्यायचा प्रत्येक व्यायाम बसून, आणि घरात उडी नाही. दोरीच्या उड्याही नाहीत.

खालच्या मजल्यावरचे आजोबा

उडीवरच्या बंदीला दुसरं कारण खालच्या घरात होतं. तिथे एक वयस्कर गृहस्थ राहतात, आजारपणातून उठलेले, दुपारी झोपणारे. तक्रार अजून आलेली नव्हती. यायच्या आधी मी आणि पत्नी खाली गेलो, काय सुरू करतो आहोत ते सांगितलं आणि विचारलं की आवाज कसा येतो ते आम्हाला तुमच्या घरात बसून ऐकू द्याल का. त्यांनी चहा ठेवला.

वर भाऊंनी ठरल्याप्रमाणे एकेक हालचाल केली, खाली आम्ही ऐकलं. बैठकांचा आवाज शून्य. जोर मारताना शून्य. डंबेल फरशीवर ठेवताना टणक ठोका आला. प्लास्टिकची खुर्ची ओढली तेव्हा सगळ्यात त्रासदायक आवाज आला, आणि तो व्यायामाचा नव्हताच, रोजचाच होता. जागेवर उड्या मारल्या तेव्हा आजोबांच्या मांडणीतली भांडी किणकिणली.

हे असं का होतं ते समजलं की उपाय नीट निवडता येतो. बोलण्या-गाण्याचा आवाज हवेतून येतो, तो दार-खिडकी लावून कमी होतो. फरशीवर आदळलेली वस्तू मात्र स्लॅबलाच कंप देते आणि स्लॅब तो खालच्या खोलीत सोडतो. डंबेलचा टणक ठोका दहा मिलिमीटरच्या रबराने जवळजवळ नाहीसा होतो. शरीराची पूर्ण उडी रबराने थोडी मऊ होते, जात नाही. म्हणून रबराचा तुकडा डंबेलखाली, खुर्चीच्या पायांना रबरी टोप्या, आणि उडी घराबाहेर.

मुलीला हे पटायला जड गेलं. कबड्डीला उडी हवी, पायांचा स्फोटक जोर हवा. आणि तिची गरज खरी होती : पाच ते सतरा वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल आणि आठवड्यातून किमान तीन दिवस हाडं-स्नायू मजबूत करणारे व्यायाम सांगितलेले आहेत, उड्या-धावणं हाडांना लागतंच. या घरात ते होणार नाही हे मी तिला सरळ सांगितलं. तिची जागा मैदानात. घरातला कोपरा तिला लवचिकतेसाठी आणि जोर-बैठकांसाठी. छोट्या घरात सगळ्यांचं सगळं बसवायचा हट्ट धरला की कुणाचंच काही होत नाही असं माझं मत आहे. मुलीच्या मैदानाचा वेळ तिच्या आईच्या नावावर लिहिला, कारण तिला नेणं-आणणं हे घरचं काम आहे आणि ते वेळापत्रकात दिसायला हवं.

ऊन, कूलर आणि खिडकी

खान्देशात व्यायामाच्या जागेचा विचार उन्हाळा सोडून करता येत नाही. एप्रिल-मेमध्ये भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. या घराची पश्चिमेची भिंत दिवसभर तापते आणि रात्री दहा वाजताही हाताला गरम लागते. भिंत आणि स्लॅब दिवसा घेतलेली उष्णता संध्याकाळनंतर खोलीत सोडत राहतात. त्यामुळे रात्री नऊची मोकळी जागा उन्हाळ्यात कागदावरच मोकळी. घर सगळ्यात थंड असतं ते सूर्य उगवायच्या आधी.

पत्र्याचा कूलर हॉलच्या खिडकीबाहेर स्टँडवर आहे, आणि व्यायामाचा तुकडा त्याच्या समोर येतो हे चांगलंच झालं. पण कूलरचं काम कसं चालतं ते घरात कुणी नीट पाहिलेलं नव्हतं. बाहेरची कोरडी हवा ओल्या गवतातून आत येते, पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता घेतली जाते. हवा कोरडी असेल तोवरच हे चालतं, आणि आत आलेली दमट हवा बाहेर जायला वाट हवी. या घरात "थंडावा बाहेर जातो" म्हणून स्वयंपाकघराची खिडकी आणि गॅलरीचं दार लावून घेत असत. खोली तासाभरात कोंदट होई, घाम अंगावरच राही. व्यायाम करणाऱ्या माणसाला घाम वाळणं हेच थंड होणं. दमट खोलीत घाम निथळतो पण शरीर थंड होत नाही. स्वयंपाकघराची खिडकी चार बोटं उघडी ठेवल्यावर फरक पहिल्याच सकाळी कळला.

पावसाळ्यात कूलर निरुपयोगी. जुलै-ऑगस्टात तो बंद ठेवून पंखा आणि आरपार वारा यावर भागवायचं, आणि व्यायाम थोडा हलका करायचा.

उन्हाळ्याचे नियम मी लिहून दिले. मार्चअखेर ऊन वाढू लागलं की पहिले एक-दोन आठवडे वेळ आणि वजन दोन्ही कमी, कारण शरीराला उकाड्यातल्या मेहनतीची सवय व्हायला तेवढे दिवस लागतात. डोकं जड होणं, मळमळ, घाम थांबून अंग तापणं, यातलं काहीही जाणवलं की तिथेच थांबून सावलीत, पाणी, ओलं फडकं. अंग तापून भान हरपतंय असं दिसलं तर थेट दवाखाना. घाम खूप गेला तर ओआरएस. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. भाऊंच्या रक्तदाबामुळे हे मिठाचं पाणी रोजची सवय करू नका, असं मुद्दाम अधोरेखित केलं. रोज साधं पाणी पुरतं.

खिडकीचा अजून एक पैलू होता, तो पत्नीने दुसऱ्या भेटीत, आई स्वयंपाकघरात गेल्यावर सांगितला. समोरच्या इमारतीची गॅलरी थेट हॉलमध्ये बघते. "ताई, मी वाकून-झोपून काही करायला लागले की सगळं दिसतं. पडदा लावला तर वारा बंद." बायकांच्या व्यायामाबद्दल लिहिताना ही गोष्ट कुणी लिहीत नाही, आणि किती तरी जणींचा व्यायाम इथेच अडतो. उपाय सोपा निघाला : खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागाला स्प्रिंगच्या तारेवर जाडसर पडदा, वरचा अर्धा उघडा. चटईवर असलेलं माणूस पडद्याच्या आड जातं, वारा वरून येतो. जुन्या चादरीतून आईंनी तो शिवून दिला.

चार माणसं, चार वेळा

भाऊंच्या बाबतीत ठरावीक वेळ हा शब्दच चालत नव्हता. मालगाडीची ड्यूटी, लॉबीतून, म्हणजे ड्यूटी लावणाऱ्या कार्यालयातून, कॉल आला की निघायचं. कधी रात्री दोनला, कधी दुपारी. परगावी गेल्यावर रनिंग रूममध्ये विश्रांती, मग परतीची गाडी. रात्रीची ड्यूटी करून आलेल्या माणसाला जड व्यायाम लावणं चूक आहे. त्याला आधी झोप हवी असते. म्हणून वारांचं वेळापत्रक टाकून दिलं आणि दोन कागद केले. मोठा कागद आरामाच्या दिवसाचा, चाळीस मिनिटांचा : बैठका, जोर, डंबेलने पाठीचे आणि खांद्यांचे व्यायाम, शेवटी ताण. छोटा कागद ड्यूटीच्या दिवसाचा, दहा मिनिटांचा, पूर्ण झोप झाल्यानंतर : रबरी पट्ट्याने ओढायचे दोन व्यायाम, भिंतीला टेकून जोर, कंबरेचा ताण. इंजिनात तासन् तास बसून कंबर आखडते, तिच्यासाठी हा छोटा कागदच जास्त महत्त्वाचा. पट्टे ड्यूटीच्या बॅगेत जातात, म्हणून रनिंग रूममध्येही तो कागद चालतो.

रक्तदाबासाठी एक गोष्ट त्यांना पुन्हा पुन्हा सांगावी लागली : वजन उचलताना श्वास कोंडायचा नाही. श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब क्षणात उसळतो. उचलताना सोडायचा, खाली आणताना घ्यायचा. सुरुवातीचे काही आठवडे मी त्यांना उचलताना मोठ्याने आकडे मोजायला लावले. मोजणाऱ्याला श्वास कोंडता येत नाही.

पत्नीची वेळ सकाळी नऊ, उन्हाळ्यात साडेपाच. नऊची वेळ निवडण्यात एक अडथळा होता : भाऊ रात्रीची ड्यूटी करून आलेले असले की बेडरूममध्ये झोपलेले असतात. सुदैवाने तिचे व्यायाम मुके आहेत. सूर्यनमस्कार, बैठका, पट्टा. मोबाइलवर गाणी लावणं तेवढं सोडावं लागलं. नळाला पाणी येतं त्या दिवशी सकाळ पाणी भरण्यातच जाते. तो दिवस आम्ही आधीच सुट्टीचा धरला, म्हणजे चुकल्याची टोचणी राहत नाही.

आईंना मी आधी विचारलं तेव्हा त्या हसल्या. "मले काय कसरत शिकवते पोरी, सारा जलम उठबसच तं केली." त्यात तथ्य होतं. आता मात्र ती उठबस सुटत चालली होती. संडासासाठी कमोड आल्यापासून आणि ओट्यावर स्वयंपाक सुरू झाल्यापासून मांड्यांना काम उरलं नव्हतं, आणि मांड्या कमजोर झाल्या की गुडघ्यांवरचा भार वाढतो. पासष्टीपुढच्या माणसांना तोल आणि ताकद यांचे व्यायाम आठवड्यातून तीन किंवा जास्त दिवस सांगितलेले आहेत, पडणं टाळण्यासाठी. डॉक्टरांकडून गुडघे दाखवून घेतले, मग सुरुवात केली.

त्यांची जागा हॉलमध्ये नाही, स्वयंपाकघराच्या ओट्याशी आहे. ओटा कमरेच्या वर, हलत नाही, धरायला पक्का. दोन्ही हात ओट्यावर ठेवून टाचा उचलणं, एक पाय किंचित उचलून दहा आकडे, बाजूला पाय नेणं. मग खुर्चीतून उठणं-बसणं : खुर्ची पाठीमागे भिंतीला टेकवलेली, कारण प्लास्टिकची खुर्ची गुळगुळीत फरशीवर मागे सरकते, बैठकीवर दुहेरी घडीची गोधडी, कारण बैठक उंच असली की उठताना गुडघ्याला कमी त्रास. जसजसं जमेल तशी गोधडीची घडी कमी. मऊ चटईवर त्यांना उभं करायचं नाही, हे घरात सगळ्यांना बजावलं. बाराएक मिलिमीटरच्या फोमवर वयस्कर माणसाचा पाय डगमगतो. अनवाणी, कोरडी, टणक फरशी सगळ्यात सुरक्षित.

आणि नऊ वाजता सून हॉलमध्ये, सासू ओट्याशी, मधलं दार उघडं, असं झाल्यावर सुनेचा संकोच संपला. आता दोघी एकमेकींचे आकडे मोजतात.

काय घेतलं, काय नाही

सामानाबद्दल फार बोलण्यासारखं नाही. एक सहा मिलिमीटरची चटई, कमी-जास्त करता येणाऱ्या डंबेलची जोडी (प्रत्येकी दहा किलोपर्यंत), तीन ताकदींचे रबरी पट्टे, दारात अडकवायचा पट्ट्याचा फासा, रबराचा एक तुकडा. ट्रेडमिलसाठी काढलेल्या पैशांतला लहानसा भाग लागला.

दारात लटकायचा बार भाऊंना हवा होता. भिंतीत भोकं पाडायची परवानगी नव्हती आणि नुसत्या दाबावर चौकटीत बसणारा बार ८६ किलोच्या माणसाखाली सरकू शकतो. मी नको म्हटलं. परवानगी मिळालीच तरी भिंत पोकळ वाजणाऱ्या हलक्या ब्लॉकची आहे की विटेची ते पाहावं लागतं, कारण हलक्या ब्लॉकमध्ये साधे फास्टनर धरत नाहीत. काँक्रीटचा बीम हीच खात्रीची जागा. म्हणून बारऐवजी दारातला फासा. तो बिजागरीच्या बाजूला लावायचा आणि ओढताना दार बंद होण्याच्या दिशेनेच ओढायचं, नाहीतर दार उघडून पट्टा तोंडावर येतो. बाथरूमच्या पीव्हीसी दाराला तो लावायचा नाही.

डंबेल टीव्हीखालच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, पट्टे कापडी पिशवीत, चटई दाराआडच्या खुंटीला. दिवाणाच्या पेटीत ठेवायला मी मनाई केली. गादी उचलून पेटी उघडायची म्हटली की थकलेला माणूस त्या दिवशीचा व्यायाम सोडतो. सामान एका मिनिटात बाहेर आणि एका मिनिटात आत, ही अट पाळली.

जिथे गाडी अडली

मार्चच्या शेवटी अडली. पापड-कुरडयांचे दिवस आले, गच्चीवर वाळवण, आणि हॉलच्या फरशीवर दोन शेजारणींसह लाटणं. पुढे लग्नसराई, पाहुणे, हॉलभर गाद्या. नऊ वाजताचा तुकडा जवळजवळ तीन आठवडे नाहीसा झाला. भाऊंचा छोटा कागद उभ्याने होणारा, म्हणून तो दाराशी कसाबसा चालला. पत्नीचं पूर्ण बंद पडलं. आईंचं मात्र ओट्यामुळे सुरू राहिलं. यातून आम्ही पत्नीसाठीही उभ्याने होणारा एक कागद केला, दोन फूट जागेत मावणारा : भिंतीला टेकून बैठक, ओट्यावर हात ठेवून जोर, पट्टा. पाहुणे असतानाचा कागद असं त्याचं नाव पडलं.

दुसरं, एक पट्टा गॅलरीच्या कठड्यावर वाळत राहिला आणि एप्रिलच्या उन्हात चिकट होऊन त्याला भेगा गेल्या. ओढताना तुटायच्या आधी लक्षात आलं. रबर ऊन आणि उष्णता सोसत नाही. घाम पुसून, सावलीत वाळवून, थोडी टाल्कम पावडर लावून ठेवायचं. चटईचंही तेच.

सात महिन्यांनंतरच्या तपासणीत भाऊंचा रक्तदाब खाली आलेला होता आणि वजन चार किलोंनी कमी. श्रेय एकट्या व्यायामाला देता येणार नाही. घरातलं मीठ कमी झालं, शेवभाजीवर वरून शेव आणि तेलाची तर्री घ्यायचं प्रमाण घटलं, सकाळचं चालणं सुरू झालं. डॉक्टरांनी गोळीचा विषय पुन्हा पुढे ढकलला आहे आणि मोजमाप चालू ठेवायला सांगितलं आहे. आई आता गोधडीशिवाय खुर्चीतून उठतात, पण जिना उतरताना अजून कठडा धरावा लागतो. त्यासाठी ओट्याखालच्या चार इंची पायरीवर चढ-उतार सुरू केली आहे, दोन्ही हात ओट्यावर ठेवून. भाऊंना दहा किलो कमी पडू लागले आहेत. जड डंबेल घेण्याऐवजी एका पायावरच्या बैठका आणि सावकाश खाली येणारे जोर त्यांना दिले आहेत. पुढच्या वर्षी मुलगी नववीत जाईल तेव्हा हॉलमध्ये अभ्यासाचं टेबल येणार आहे. ते भिंतीला घडी होऊन मिटणारं असावं, यावर घरमालकाशी बोलणं चालू आहे. त्याने परवानगी दिली नाही तर खडू घेऊन पुन्हा एकदा मोजावं लागेल.